लागणारी नाडी आणि वाहणारी धमनी

हृदयाची अँजिओग्राफी आता जांघेऐवजी मनगटातून होते आणि हा बदल रुग्णांच्या भल्याचाच झाला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे विवेचन वाचून मनगटाच्या वाटेला माझा विरोध आहे असे कुणाला वाटू नये. म्हणणे वेगळे आहे. ज्या धमनीतून नळी आत जाते ती धमनी काम आटोपल्यावर उघडी राहिली की बंद पडली, हे रुग्ण घरी जाण्यापूर्वी तपासलेच पाहिजे, आणि जे दिसेल ते त्याच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिले पाहिजे. या तपासणीला एखादे मिनिट लागते. धमनी बंद पडू नये म्हणून जे करायचे त्याला फारसा पैसा लागत नाही. तरीही ते सगळीकडे नेमाने होत नाही, कारण बंद पडलेली ही धमनी बहुतेक वेळा कसलीच तक्रार करत नाही. रुग्ण तक्रार करत नाही म्हणून डॉक्टर पाहत नाहीत, आणि डॉक्टर पाहत नाहीत म्हणून हे नुकसान कुठल्याच नोंदवहीत चढत नाही.

मनगटाची वाट रूढ होण्यापूर्वी काय होत होते ते लक्षात घेतल्याशिवाय हा प्रश्न नीट कळणार नाही. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली सुई आणि तारेच्या साहाय्याने, चिरा न देता धमनीत नळी सरकवण्याची पद्धत मांडली. १९६७ मध्ये जडकिन्स यांनी जांघेतून हृदयाच्या धमन्यांपर्यंत पोचणाऱ्या, आधीच वळण दिलेल्या नळ्या आणल्या, आणि पुढची कित्येक वर्षे जांघ हीच राजमान्य वाट ठरली. जांघेतली धमनी जाड असते, सापडायला सोपी असते. पण ती खोल असते. नळी काढल्यावर तिथे रक्तस्राव झाला तर ते रक्त कधीकधी पोटामागच्या पोकळीत साचत जाते आणि रक्तदाब घसरेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. शिवाय रुग्णाला तासन्‌तास पाय न हलवता पडून राहावे लागते. मॉन्ट्रियलच्या ल्यूसियन कांपो यांनी १९८९ मध्ये मनगटातल्या रेडियल धमनीतून केलेल्या शंभर अँजिओग्राफी प्रसिद्ध केल्या. १९९२ मध्ये आम्स्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनाय यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी सुरू केली. ही धमनी त्वचेखाली लगेच असते, तिच्यामागे हाड असते, त्यामुळे बोटाने दाबली की रक्त थांबते. वैद्य नाडी पाहायला बोटे ठेवतात ती हीच जागा.

पुराव्याच्या बाबतीतही मनगटाची बाजू भक्कम आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रायव्हल’ चाचणीत ७,०२१ रुग्ण होते. नळी घातलेल्या जागचे गंभीर रक्तवाहिनी-उपद्रव जांघेच्या गटात ३.७ टक्के आणि मनगटाच्या गटात १.४ टक्के झाले. २०१५ च्या ‘मॅट्रिक्स’ चाचणीत ८,४०४ रुग्ण होते. तिथे मोठा रक्तस्राव २.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला आणि मृत्यूही कमी झाले. सगळ्याच चाचण्यांत मृत्यूंमधला फरक दिसला असे नाही, पण रक्तस्राव कमी होतो याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. युरोप आणि अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांनी मनगटाला पहिली पसंती दिली ती याच आधारावर.

आता या आकड्यांत काय मोजले गेले ते पाहू. ‘रायव्हल’मध्ये गंभीर उपद्रव म्हणजे मोठी रक्तगाठ, बंद करावा लागणारा धमनीचा फुगा, धमनी आणि शिरेत तयार झालेला चोरमार्ग, किंवा शस्त्रक्रिया करावी लागेल अशी इजा. ही मुख्यतः जांघेची दुखणी आहेत. जांघेच्या भयाने जी यादी तयार झाली तिच्यावरच मनगटाचीही परीक्षा घेतली गेली, आणि मनगट त्यात उत्तम गुणांनी पास झाले यात नवल नाही. पण मनगटाचे स्वतःचे खास दुखणे वेगळे आहे. तिथे धमनी फुटत नाही, बुजते. आत रक्ताची गुठळी होते, काही दिवसांत ती घट्ट होते, तिच्या जागी तंतू येतात आणि वाट कायमची बंद होते. हे त्या यादीत नव्हते.

जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये ४५५ रुग्णांच्या मनगटाची डॉपलर सोनोग्राफी नेमाने करण्यात आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, ५ फ्रेंच मापाची शीथ, म्हणजे धमनीत बसवायची प्रवेशनळी, वापरलेल्यांपैकी १३.७ टक्के लोकांची रेडियल धमनी बंद होती. त्याहून जाड ६ फ्रेंच शीथवाल्यांपैकी ३०.५ टक्के लोकांची. म्हणजे दर दहा रुग्णांत तिघांची. हा आकडा पाहून कुणी म्हणेल की एका केंद्राचे हे टोकाचे निष्कर्ष आहेत. ते खरेच टोकाचे आहेत. २०१६ मध्ये ६६ अभ्यासांतले ३१ हजारांवर रुग्ण एकत्र करून जो हिशेब मांडला गेला त्यात पहिल्या चोवीस तासांत ७.७ टक्के आणि आठवडा उलटल्यावर ५.५ टक्के धमन्या बंद सापडल्या. पण त्या ६६ अभ्यासांत एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही; कुठे एक टक्क्याच्या खाली, कुठे तीस टक्क्यांच्या वर. माणसाची धमनी एका शहरात इतकी नाजूक आणि दुसऱ्यात इतकी चिवट नसते. हा फरक पडतो तो दोन गोष्टींनी: नळी काढताना काय काळजी घेतली गेली, आणि नंतर कोणत्या साधनाने पाहिले गेले.

पाहण्याच्या साधनाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गफलत तिथेच होते. वॉर्डात राउंडला आलेले डॉक्टर मनगटावर बोट ठेवतात, नाडी लागते, आणि कागदावर ‘पल्स पॅल्पेबल’ असे लिहून पुढे जातात. पण हाताच्या पंजाला दोन धमन्या रक्त देतात: अंगठ्याच्या बाजूने रेडियल आणि करंगळीच्या बाजूने अल्नर. तळहातात या दोघी कमानीने एकमेकींना मिळतात. दोन्ही बाजूंनी पाणी येणाऱ्या पाटाचे एक तोंड बुजले तरी पाट कोरडा पडत नाही, तसेच इथे होते. रेडियल वरच्या बाजूला बंद झाली तरी अल्नरमधून आलेले रक्त कमानीतून उलटे फिरून रेडियलच्या खालच्या तुकड्यात शिरते आणि बोटाखाली ठोका लागतो. म्हणजे नाडी लागते यावरून धमनी वाहते आहे असे ठरत नाही. ही गोष्ट हृदयरोगतज्ज्ञांना ठाऊक नाही असे मुळीच नाही. तरी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून अधिक डॉक्टरांनी रुग्ण घरी जाण्यापूर्वी रेडियल धमनी उघडी आहे का हे आपण तपासत नाही, असे सांगितले होते.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप असा की, बिघडले कुठे? पंजाला दुसरी धमनी आहे, बोटे काळी पडत नाहीत, माणूस जेवतो, लिहितो, गाडी चालवतो. हृदय वाचवायला निघालेल्या माणसाला मनगटातली एक वाट गमवावी लागली तर ती फार मोठी किंमत आहे का? या आक्षेपात तथ्य आहे. रेडियल बंद पडल्यामुळे हात गमावण्याची वेळ येणे अत्यंत दुर्मीळ आहे, आणि लक्षणांचा बाऊ करण्यात अर्थ नाही. तरी लाइपझिगमध्ये धमनी बंद झालेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के लोकांना लगेचच काही ना काही त्रास जाणवत होता, हे नोंदवून ठेवले पाहिजे. मात्र माझा आक्षेप लक्षणांवर उभा नाही. रेडियल धमनी फक्त पंजाला रक्त पुरवण्यासाठी लागते, हे गृहीतच अपुरे आहे. हृदयरोग एकदा होऊन संपणारा आजार नाही. स्टेंट टाकलेल्या माणसाला पाच-दहा वर्षांत पुन्हा अँजिओग्राफी लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. आपल्याकडे हा आजार अनेकांना चाळिशी-पंचेचाळिशीतच गाठतो, तेव्हा पुढे दोन-तीनदा ही वाट वापरावी लागणार हे धरूनच चालावे. उजव्या मनगटाची वाट पहिल्याच वेळी बुजली, तर पुढच्या वेळी डावे मनगट, आणि मग पुन्हा तीच जांघ, जिच्यापासून वाचण्यासाठी हा सगळा खटाटोप केला. बायपासची वेळ आली तर शल्यविशारद पायातली शीर वापरतात तशीच हातातली रेडियल धमनीही वापरतात. सहा चाचण्यांतले एक हजारांवर रुग्ण एकत्र करून २०१८ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात पायाच्या शिरेपेक्षा रेडियलची जोडणी अधिक टिकली आणि पुढचे हृदयविकाराचे प्रसंगही कमी झाले. बंद पडलेली धमनी या कामाला उपयोगी नाही.

आणि तिसरी गोष्ट डायलिसिसची, जी आपल्या देशात सर्वांत महत्त्वाची मानायला हवी. डायलिसिससाठी हातात जो फिस्टुला करतात त्याची सर्वांत चांगली आणि पहिली जागा मनगट हीच आहे. १९६६ मध्ये ब्रेशिया आणि चिमिनो यांनी न्यूयॉर्कमध्ये मांडलेल्या त्या शस्त्रक्रियेत रेडियल धमनी शेजारच्या शिरेला जोडतात, शीर फुगून जाड होते आणि तिच्यात आठवड्यातून दोन-तीनदा सुया घालता येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. ज्या मधुमेहाने हृदयाच्या धमन्या खराब होतात त्याच मधुमेहाने मूत्रपिंडेही निकामी होतात. म्हणजे आज कॅथलॅबच्या टेबलावर असलेल्यांपैकी काही जण उद्या डायलिसिसच्या खुर्चीवर असणार, आणि तेव्हा त्यांना मनगटात एक वाहती धमनी हवी असणार. ती आधीच बंद असेल तर फिस्टुला कोपराशी करावा लागतो, किंवा मानेत कॅथेटर बसवून जंतुसंसर्गाचा धोका पत्करत दिवस काढावे लागतात. हृदयरोगतज्ज्ञाला हे दिसत नाही, कारण तो रुग्ण तोवर दुसऱ्या विभागात गेलेला असतो.

धमनी बंद का पडते हे समजले की उपायही समजतात. शीथ आतल्या नाजूक अस्तराला खरचटते. शीथ जाड आणि धमनी बारीक असेल तर ती धमनीला ताणते; बारीक चणीच्या रुग्णांना, विशेषतः बायकांना, याचा जास्त त्रास होतो. जपानमधील साइतो यांच्या अभ्यासात १९९९ मध्येच दिसले होते की धमनीचा व्यास शीथच्या बाहेरील व्यासाहून लहान असेल तर प्रवाह खूप मंदावण्याचे प्रमाण ४ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर जाते. दुसरे कारण हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध, कमी पडणे. १९९६ च्या एका फ्रेंच अभ्यासात हेपारिन न दिलेल्यांमध्ये ७१ टक्के, दोन-तीन हजार युनिट दिलेल्यांमध्ये २४ टक्के आणि पाच हजार युनिट दिलेल्यांमध्ये ४.३ टक्के धमन्या बंद झाल्या. औषध तेच, फरक मात्रेचा. हेपारिन वाढवले की रक्तस्राव वाढेल ही भीती स्वाभाविक आहे. पण ग्रीसमधील २०१८ च्या चाचणीत वजनाच्या प्रमाणात दुप्पट मात्रा दिल्यावर धमनी बंद पडण्याचे प्रमाण ८.१ वरून ३ टक्क्यांवर आले आणि सुरक्षिततेला बाधा आली नाही. तिसरे कारण दाब. माझ्या मते आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान या तिसऱ्या कारणाने होत असावे, कारण आधीच्या दोन गोष्टी डॉक्टरच्या हातात असतात आणि ही वॉर्डातल्या घाईच्या हातात.

दाब कसा द्यावा हे जवळून पाहण्यासारखे आहे. काम संपल्यावर शीथ थोडी बाहेर ओढतात, मनगटाला पारदर्शक पट्टा बांधतात आणि त्यातल्या फुग्यात सिरिंजने पंधरा-अठरा मिलिलीटर हवा भरतात. शीथ काढून घेतात. पट्टा असेल तिथे इथपर्यंत सगळे सारखेच. खरे कौशल्य पुढे आहे. सिस्टरने हवा हळूहळू काढत जायची. टोचलेल्या जागी रक्ताचा थेंब दिसला की एक-दोन मिलिलीटर हवा परत भरायची आणि तिथे थांबायचे. मग अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावायचा आणि करंगळीच्या बाजूची अल्नर धमनी बोटाने दाबून धरायची. पडद्यावरची लाट चालू राहिली तर पट्ट्याखालूनही रेडियल वाहते आहे. लाट सपाट झाली तर दाब जास्त आहे, अजून हवा काढायची. रक्तही बाहेर येत नाही आणि प्रवाहही थांबत नाही, अशा नेमक्या दाबावर पट्टा ठेवायचा. जिथे पट्टा नसतो तिथे गॉजचा घट्ट बोळा करून चिकटपट्टीने आवळतात, ‘घट्ट बांधा, नाहीतर रक्त येईल’ असे सांगून. आणि हात सुजून पांढरा पडेपर्यंत तो तसाच राहतो. त्या वेळात धमनीतला प्रवाह पूर्ण थांबलेला असतो, आतले अस्तर खरचटलेले असते, आणि गुठळीला लागते ते सगळे तिथे जमून आलेले असते. सतत वाहता ठेवलेला दाब आणि आवळून टाकलेला दाब यांची तुलना अमेरिकेत स्थायिक असलेल्या समीर पंचोली यांनी २००८ मध्ये ४३६ रुग्णांवर केली. चोवीस तासांनी आवळलेल्या गटात १२ टक्के आणि वाहत्या गटात ५ टक्के धमन्या बंद होत्या. महिन्यानंतर ७ आणि १.८ टक्के. पुढे २०१६ मध्ये पंचोली आणि अहमदाबादचे तेजस पटेल यांच्यासह काहींनी तीन हजार रुग्णांवर आणखी एक पायरी तपासली: रेडियलवर पट्टा असतानाच अल्नर धमनीही दाबून ठेवायची, म्हणजे रेडियलमधला प्रवाह वाढतो. महिन्याच्या शेवटी बंद धमन्यांचे प्रमाण ३ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले.

या सगळ्याचा निर्णायक पुरावा मला २०२२ च्या ‘डिस्को रेडियल’ चाचणीत दिसतो. किमेनाय यांनी २०१७ मध्ये अंगठ्याच्या मुळाशी, हाताच्या मागच्या खळग्यातून नळी घालण्याची नवी जागा पुढे आणली होती. तिथून धमनी बंद पडण्याचे प्रमाण खूप कमी होईल अशी अपेक्षा होती. १,३०७ रुग्णांवर तुलना झाली आणि फरक सिद्ध झाला नाही: नव्या जागी ०.३१ टक्के, जुन्या मनगटात ०.९१ टक्के. नव्या जागेचा पराभव म्हणून याकडे पाहणे चूक ठरेल. चाचणीत भाग घेणाऱ्या डॉक्टरांना जुन्या मनगटालाही सगळी काळजी घेण्याचे बंधन होते, आणि काळजी घेतल्यावर जुन्या वाटेचाही आकडा एक टक्क्याखाली गेला. लाइपझिगमधले तीस टक्के आणि इथले एक टक्का यांच्यामध्ये कोणतेही नवे यंत्र किंवा औषध नाही. बारीक शीथ, पुरेसे हेपारिन आणि वाहता ठेवलेला दाब, एवढेच आहे.

मग तपासणीच कशाला, प्रतिबंध पुरेसा नाही का, असे कुणी विचारेल. तपासणी हवी, कारण तिच्याशिवाय प्रतिबंध नीट होतो आहे की नाही हे कोणत्याही कॅथलॅबला कळणार नाही. बंद धमनीवर उपाय नाही, हेही खरे नाही. चेक प्रजासत्ताकातल्या बर्नात यांनी २०११ मध्ये दाखवले की पट्टा काढल्यावर लगेच धमनी बंद सापडली तर अल्नर धमनी तासभर दाबून ठेवायची. पाच हजार युनिट हेपारिन मिळालेल्या गटात बंद धमन्यांचे प्रमाण त्यामुळे २.९ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. एक तास, आणि दाबायला एक पट्टा. पण हा तास पहिल्या काही तासांतलाच असावा लागतो. गुठळी घट्ट झाल्यावर तोच उपाय फोल जातो. म्हणून तपासणी ओपीडीत महिन्याने नको, घरी सोडण्यापूर्वी हवी. सिस्टरवर आधीच कामाचा डोंगर आहे हा मुद्दा मी हलका मानत नाही. आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या वॉर्डांची स्थिती पाहता तो अगदी खरा आहे. पण कोविडनंतर पल्स ऑक्सिमीटर घराघरांत आला आहे, तो वॉर्डात असतोच. दोन्ही धमन्या दाबायच्या, लाट सपाट झाली की रेडियलवरचे बोट उचलायचे, अल्नरवरचे ठेवायचे. लाट परत आली तर धमनी उघडी, नाही आली तर बंद. इंजेक्शन देण्याहून हे अवघड नाही, आणि टेक्निशियनलाही शिकवता येते.

रुग्णाला हे सांगितले तर तो घाबरेल आणि अँजिओग्राफीच टाळेल, असेही म्हटले जाते. ज्याला छातीत दुखते आहे तो मनगटाच्या भीतीने उपचार टाळील असे मला वाटत नाही. उलट, संमतीपत्रावर ही गोष्ट लिहिलेली असेल तर घरी गेल्यावर काय पाहायचे हेही त्याला कळते. पुढच्या हातात घट्ट सूज चढू लागली, बोटे बधिर झाली, दुखणे वाढतच गेले, तर ती स्नायूंमध्ये साचणाऱ्या रक्ताची खूण असू शकते. असे फार क्वचित होते, पण झाले तर तासाभराचा उशीरही महागात पडतो. ‘हात जड वाटतोय, होईल ठीक’ म्हणून रात्र काढणाऱ्या माणसाला कुणीतरी आधी सांगितलेले असायला हवे.

महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होणाऱ्या अँजिओप्लास्टीची कागदपत्रे मंजुरीसाठी आधीच ऑनलाइन जातात. त्या कागदांत ‘रेडियल धमनी उघडी आहे का, कशाने पाहिले’ असा एक रकाना घालायला खर्च येणार नाही, आणि वर्षभरात राज्यातल्या प्रत्येक कॅथलॅबचा आकडा समोर येईल. ज्यांचा आकडा पाच टक्क्यांहून जास्त आहे त्यांना कुठे चुकते ते शोधता येईल. २०१९ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकमताने तीच पाच टक्क्यांची मर्यादा सुचवली आहे.

आणि काही रुग्णांच्या बाबतीत वाटच वेगळी निवडावी लागेल. ज्याचे क्रिएटिनिन आधीच वाढलेले आहे, ज्याला नेफ्रॉलॉजिस्टने वर्षा-दोन वर्षांत डायलिसिस लागेल असे सांगितले आहे, त्याचे मनगट राखून ठेवणे हे हृदयरोगतज्ज्ञाचेही काम आहे, मग त्यासाठी हाताच्या मागचा खळगा किंवा सोनोग्राफीने पाहून घेतलेली जांघ वापरावी लागली तरी. अँजिओग्राफीच्या डायने मूत्रपिंडाला धक्का बसू नये म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट टेबलावर घेण्यापूर्वी पाहिलाच जातो. नळी कोणत्या हातातून, कोणत्या जागेतून न्यायची, याचा विचार त्याच वेळी, तोच रिपोर्ट समोर ठेवून करता येतो.